दासगावच्या खाडीतली मगर फोटोत एवढी भारी कशी दिसते? हौशी फोटोग्राफर एडिटिंगमध्ये नेमकं करतात तरी काय?

मुंबईहून गोवा हायवेने निघालात की महाडच्या थोडं अलीकडे दासगाव लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सावित्री. भरतीचं पाणी समुद्राकडून इथपर्यंत चढतं, म्हणून एकेकाळी हे बंदर होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने आले, ते याच दासगाव बंदरात उतरले होते.

सावित्रीच्या या पट्ट्यात मगरी आहेत, हे महाडकरांना नवीन नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी ऊन खायला त्या काठावरच्या चिखलात येऊन पडतात. साहजिकच कॅमेरेवाले पण येतात. मग धुक्यातून उठून दिसणारी मगर, तिच्या पाठीवरचा एकेक खवला आणि शेजारी पांढराशुभ्र बगळा असा फोटो फेसबुकवर पडतो.

खाली दोन कमेंट ठरलेल्या असतात. एक, “काय फोटो काढलाय भावा!” आणि दुसरी, “एडिटेड आहे.”

दुसरी कमेंट करणारा चूक नसतो. फोटो एडिटेड असतोच. पण “एडिटेड” म्हणजे “खोटा” असं जे गृहीत धरलं जातं, तिथं गडबड होते. एडिटिंगमध्ये काय काय होतं आणि त्यातलं कुठलं चालतं, कुठलं चालत नाही, हे एकदा नीट समजून घेतलं की फोटो बघण्याची नजरच बदलते.

कॅमेरा स्वतःच एडिटिंग करतो

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो-कोट्यवधी बारीक चौकोन असतात. प्रत्येक चौकोन फक्त एवढंच मोजतो, की आपल्यावर उजेड किती पडला. रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक चौकोनावर लाल, हिरवी किंवा निळी अशी एक चिमुकली काच बसवलेली असते. ही युक्ती कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची. त्यांना १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल याच पद्धतीवर चालतात.

म्हणजे हिरव्या काचेखालच्या चौकोनाला फक्त हिरवा उजेड माहीत असतो. तिथं लाल आणि निळा किती होता, हे शेजारच्या चौकोनांवरून अंदाजाने भरावं लागतं. हा अंदाज, त्यानंतर रंगांचा समतोल, उजळपणा, धार काढणं, सगळं कॅमेऱ्यातला प्रोसेसर क्षणात उरकतो आणि तुमच्या हातात जेपेग फाइल देतो.

मोबाइल तर आणखी पुढं जातो. तुम्ही बटण एकदा दाबता, पण तो आतल्या आत अनेक फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून एक तयार करतो. आभाळ एकातलं, सावली दुसऱ्यातली.

थोडक्यात, “मी एडिट करत नाही, जसा काढला तसा टाकतो” असं म्हणणाऱ्याचा फोटोही एडिट झालेलाच असतो. फरक एवढाच, की त्याचे निर्णय कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीने घेतलेले असतात.

रॉ फाइल म्हणजे काय भानगड आहे?

हौशी फोटोग्राफरला हे निर्णय स्वतः घ्यायचे असतात. म्हणून तो कॅमेऱ्याला सांगतो, की मला तयार फोटो देऊ नकोस, सेन्सरने जे मोजलं ते जसंच्या तसं दे. या कच्च्या मालाला रॉ फाइल म्हणतात.

आकड्यांत सांगायचं तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेग म्हणजे ताटात वाढलेली आमटी. त्यात मीठ जास्त झालं तर फार काही करता येत नाही. रॉ म्हणजे अजून शिजायची डाळ. मीठ, तिखट, फोडणी सगळं हातात आहे.

याची किंमतही मोजावी लागते. रॉ फाइल जेपेगच्या कितीतरी पट जागा खाते आणि कॉम्प्युटरवर उघडल्यावर पहिल्यांदा फिकी, मरगळलेली दिसते. तिला रंगरूप देण्यासाठी अॅडोबचं लाइटरूम बरेच जण वापरतात. ते विकत घ्यावं लागतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, तर मोबाइलवर गुगलचं स्नॅपसीड फुकट आहे आणि त्यात रॉ फाइलही उघडते.

आता मगरीचा फोटो हातात घेऊ

समजा एक हौशी फोटोग्राफर सकाळी सातला दासगावच्या काठावर पोचला आणि दोन तासांत त्याने ४०० फोटो काढले. घरी आल्यावर तो काय करतो?

१. निवड. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. हललेले, डोळ्यावर फोकस नसलेले, एकसारखे फोटो बाजूला काढायचे. ४०० मधून १० उरले तरी सकाळ सार्थकी लागली म्हणायची. नवखा माणूस चाळीस फोटो टाकतो, मुरलेला एकच टाकतो. निम्मं कौशल्य इथंच असतं.

२. क्रॉप आणि क्षितिज. पाण्याची रेघ तिरकी असेल तर नदी सांडतेय असं वाटतं. ती सरळ करायची. कोपऱ्यात घुसलेली फांदी किंवा उगाच पसरलेलं रिकामं आभाळ कापून टाकायचं.

३. व्हाइट बॅलन्स. आपला मेंदू भलता हुशार आहे. धुक्यातल्या निळसर उजेडातही त्याला बगळा पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ही हुशारी नसते, त्याच्या फोटोत बगळा निळा पडू शकतो. रॉ फाइलमध्ये एक स्लायडर सरकवला की पांढरा पांढरा होतो. पण इथं एक मेख आहे. पहाट निळसर होती म्हणूनच ती पहाट वाटत होती. सगळी निळाई काढली तर फोटो दुपारचा वाटेल. म्हणून जाणकार ती थोडी शिल्लक ठेवतात.

४. उजेड आणि सावली. चिखलाच्या रंगाची मगर आणि शेजारी पांढरा बगळा ही कॅमेऱ्यासाठी अवघड जोडी आहे. मगर नीट दिसेल एवढा उजेड घेतला तर बगळ्याची पिसं पांढऱ्या डागासारखी सपाट होतात. बगळा सांभाळला तर मगर काळी पडते.

इथं हिस्टोग्राम कामाला येतो. फोटोत काळं किती, पांढरं किती, हे दाखवणारा तो डोंगरासारखा आलेख. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन आदळला असेल तर तिथला तपशील कायमचा गेला. तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. सावलीत मात्र बराच तपशील लपलेला असतो. म्हणून हौशी मंडळी फोटो काढताना बगळा सांभाळतात आणि घरी आल्यावर सावल्या उचलून मगरीला उजेडात आणतात. पाठीवरचे ते खवले इथून येतात. ते सेन्सरने टिपलेले होतेच, अंधारात होते इतकंच.

५. रंग. सगळ्यात जास्त हात इथं सुटतो. सॅच्युरेशन सगळे रंग एकदम भडक करतं. व्हायब्रन्स आधीच भडक असलेल्यांना फारसं न छेडता फिक्या रंगांना उचलतं. पावसाळ्यातल्या रायगडाचे किंवा वरंध घाटाचे फोटो आठवा. त्यातले कित्येक हिरवे रंग कुठल्याच भाताच्या खाचरात सापडणार नाहीत. सॅच्युरेशन ताणल्याचा तो परिणाम. साधा उपाय असा, की स्लायडर आवडेल तिथपर्यंत न्यायचा आणि मग निम्मा मागं आणायचा.

६. धुकं. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये धुकं हटवणारा स्लायडर असतो. लांबून काढलेल्या फोटोत तो थोडा वापरला तर चित्र स्वच्छ होतं. जास्त वापरला तर आभाळ राखाडी होतं आणि मुळात ज्या धुक्यासाठी पहाटे उठून आलो तेच गायब होतं.

७. ठरावीक भागापुरता बदल. संपूर्ण फोटो न बदलता फक्त मगरीचा डोळा थोडा उजळ करायचा, किंवा मागचं कांदळवन थोडं गडद करायचं. याला मास्किंग म्हणतात. बघणाऱ्याची नजर कुठं जावी, हे यातून ठरतं.

८. नॉइज आणि धार. कमी उजेडात काढलेल्या फोटोत रवाळ दाणे दिसतात, तोच नॉइज. हल्ली एआयवर चालणारी सॉफ्टवेअर तो झटक्यात घालवतात. पण ती सुद्धा अंदाजच बांधतात आणि जास्त जोर दिला तर मगरीची कातडी प्लॅस्टिकसारखी होते, किंवा नसलेले खवले उगवतात. धार वाढवण्याचंही तसंच. कडेला पांढरी रेघ दिसायला लागली की समजायचं, जास्त झालं.

९. पाठवण. शेवटी मोठ्या फाइलमधून जेपेग तयार करायचा. इंस्टाग्रामसाठी १०८० पिक्सेल रुंदी आणि एसआरजीबी रंग ठेवले, तर बहुतेक फोनवर रंग सारखे दिसतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून छोटा केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

हे खूळ आजचं नाही

“आमच्या वेळी असलं काही नव्हतं” असं कुणी म्हणालं तर त्यांना मुंबईचा इतिहास सांगा.

१८५४ मध्ये मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या संस्थेतल्या सुरुवातीच्या भारतीय मंडळींपैकी एक. त्याच काळात मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज फोटोग्राफर होता. मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या लोकांवर त्याने फोटोंचं पुस्तक केलं. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनमध्ये छापले गेले.

त्या फोटोंत माणसं रस्त्यावर किंवा इमारतींसमोर उभी दिसतात. प्रत्यक्षात त्यांचे फोटो वेगळे काढलेले होते आणि मागची दृश्यं वेगळी. डार्करूममध्ये दोन्ही जोडून एक चित्र बनवलं होतं. आज आपण बॅकग्राउंड बदलतो ना, तेच. फोटोशॉप बाजारात आलं १९९० मध्ये, म्हणजे त्यानंतर सव्वाशे वर्षांनी.

फिल्मच्या काळातही डार्करूममध्ये फोटो छापताना हाताची सावली धरून काही भाग उजळ ठेवायचे, काही भागावर जास्त उजेड पाडून तो गडद करायचे. आजच्या सॉफ्टवेअरमधली डॉज आणि बर्न ही नावं तिथूनच आली.

मग रेघ ओढायची कुठं?

लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम दरवर्षी वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही स्पर्धा घेतं. त्यांचा नियम सोपा आहे. उजेड, रंग, क्रॉप, सेन्सरवरच्या धुळीचा डाग काढणं, हे माफक प्रमाणात चालतं. फोटोतली वस्तू, प्राणी किंवा त्याचा भाग वाढवणं, हलवणं, पुसणं चालत नाही. पुढच्या फेरीत गेलात की रॉ फाइल मागतात.

म्हणजे मगर उजळ केली तर चालेल. शेजारी तरंगणारी प्लॅस्टिकची बाटली पुसली तर फोटो बाद. बाटली तिथं होती, ही त्या नदीची खरी गोष्ट आहे.

रेघ ओलांडल्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे नॅशनल जिओग्राफिक. फेब्रुवारी १९८२ च्या अंकाचं मुखपृष्ठ उभं होतं आणि इजिप्तच्या पिरॅमिडचा फोटो आडवा. म्हणून दोन पिरॅमिड कॉम्प्युटरवर एकमेकांजवळ सरकवले गेले. केवढी टीका झाली! आज एआयच्या मदतीने तेच काम घरबसल्या अर्ध्या मिनिटात होतं. २०२३ पासून तर फोटोशॉपमध्येच नुसतं लिहून सांगितलं की नसलेली वस्तू फोटोत येते.

अर्थात, कुणी गंमत म्हणून किंवा कला म्हणून दोन फोटो जोडले तर तो गुन्हा नाही. तसं खाली लिहिलं म्हणजे झालं.

एडिट न करताही फोटो खोटं बोलतो

ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. झूम लेन्सने खूप लांबून फोटो काढला, की मागच्या-पुढच्या गोष्टींमधलं अंतर कमी भासतं. मगर अलीकडच्या काठावर, धुणं धुणारी बाई पलीकडे बऱ्याच अंतरावर. फोटोत मात्र मगर जणू तिच्या पाठीशी. एकही स्लायडर हलवलेला नाही, तरी बघणाऱ्याच्या मनात भरते ती भीती खोटी. त्यातून आजूबाजूचं सगळं क्रॉप केलं तर मगर केवढी आहे, याचाही अंदाज लागत नाही.

वर सांगितलेल्या लंडनच्या स्पर्धेतही असंच घडलं. २०१७ मध्ये बक्षीस मिळालेला मुंगीखाऊचा एक फोटो २०१८ मध्ये बाद झाला. त्यातला प्राणी पेंढा भरलेला असावा, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. फोटोग्राफरने तो नाकारला. पण फोटो बाद झाला तो एडिटिंगमुळे नव्हे.

दासगावला याचं काय?

मगर हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे. तिला मारणं, पकडणं गुन्हा आहे. पण “नदीत राक्षसी मगर” म्हणून एक फोटो गावाच्या ग्रुपवर फिरला तर घाबरलेली माणसं कायदा आठवत बसत नाहीत. तो फोटो किती खरा, यावर मगरीचाही जीव अवलंबून असतो आणि रोज नदीवर जाणाऱ्या माणसांचाही.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या आणि माणसं गाडली गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी बससकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली आणि त्याच वेळी महाड शहर पुराखाली होतं.

ज्या भागाने एवढं पाहिलंय, तिथं पावसाळ्यात एक फोटो फोनवर आला तरी पोटात गोळा येतो. पूर वर्षांपूर्वीचा, तारीख आजची. पाणी गुडघाभर, पण आभाळ काळंकुट्ट केलेलं. दरड दुसऱ्याच घाटातली, नाव दासगावचं. मुंबई-पुण्यात असलेला मुलगा तो बघतो आणि घरी फोन लागत नसतो. मदतीला निघालेली माणसं चुकीच्या गावी जाऊ शकतात. आणि चार खोटे फोटो बघून कंटाळलेली माणसं पाचव्या खऱ्या फोटोवर विश्वास ठेवत नाहीत.

मूळ फाइल हीच पावती

यावर हौशी फोटोग्राफरांची एक साधी सवय फार उपयोगाची आहे. ते मूळ फाइलला हात लावत नाहीत. लाइटरूम किंवा डार्कटेबलमध्ये केलेले बदल वेगळे नोंदवले जातात, रॉ फाइल तशीच राहते. कुणी शंका घेतली तर ती उघडून दाखवता येते.

प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहितीही दडलेली असते. कॅमेरा कुठला, तारीख-वेळ काय, लोकेशन चालू असेल तर जागा कुठली. ही माहिती बदलता येते, त्यामुळे ती अखेरचा शब्द नाही, पण धागा नक्की देते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवताना ती निघून जाते. म्हणून फॉरवर्ड झालेल्या फोटोवरून तो कधीचा, हे कळत नाही.

लोकेशनच्या बाबतीत एक काळजी मात्र घ्यायला हवी. घरट्यांचे किंवा दुर्मीळ प्राण्यांचे फोटो टाकताना जागेची माहिती काढून टाकावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी तिथं वीस जण हजर होतात आणि पक्षी घरटं सोडून जातो.

तुम्ही काय करू शकता?

फोटो काढत असाल तर मूळ फाइल जपून ठेवा. एडिट केलेला फोटो टाकण्याआधी रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी बघा, भडकपणा लगेच कळतो. कॅप्शनमध्ये जागा, महिना, वर्ष लिहा. लांबून झूम करून काढला असेल तर तेही लिहा. काही जोडलं किंवा पुसलं असेल तर एक ओळ पुरे.

आणि फोटो फक्त बघत असाल, तर कमेंटमध्ये “एडिटेड आहे का?” विचारून काही हाती लागत नाही. त्याचं उत्तर कायम “हो” असतं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा. कधी काढला? कुठून काढला? काही वाढवलं किंवा पुसलं का? ज्याने खरंच पहाटे उठून फोटो काढलाय, तो या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आनंदाने देईल. पुराचा किंवा दरडीचा फोटो असेल आणि ही उत्तरं मिळत नसतील, तर तो पुढं पाठवू नका.